संरचना अभिकल्प, इमारतींचा

इमारतीवर येणारे सर्व भार पायामार्गे जमिनीत सुरक्षितपणे पोहोचावेत, यासाठी लादी, तुळई, स्तंभ, पाया इ. घटकांचे आकारमान गणिताने निश्चित करणे यास संरचना अभिकल्प म्हणतात. भारतात यासंबंधीची मानके भारतीय मानक संस्थेने (स्थापना १९४७, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) तयार केली. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली.

सलोह काँक्रीटचे पहिले मानक १९५३ चे आहे. प्रारंभीच्या कार्यकारी प्रतिबल पद्धतीत पदार्थाच्या सामर्थ्यास सुरक्षा गुणकाने भागून अनुज्ञेय प्रतिबल ठरवीत. उदा., २५० न्यूटन/चौ. मिमी. प्रतिबलास कायमचे ताणले जाणारे मृदू पोलाद १४० न्यूटनपर्यंतच वापरले जाई. ही पद्धत सोपी असली, तरी तीत भारांविषयीची व पदार्थांविषयीची अनिश्चितता एकाच गुणकात मिसळलेली असते.

१९७८ च्या सुधारित मानकाने मर्यादा अवस्था पद्धत स्वीकारली. तीत इमारत कोसळू नये, तसेच ती प्रमाणाबाहेर वाकू वा तडकू नये, अशा दोन कसोट्या लावतात. नेहमीचे भार १·५ पट धरतात. काँक्रीट बव्हंशी बांधकामाच्या जागीच तयार होत असल्याने त्याची प्रत कमीजास्त होते. म्हणून त्याचे सामर्थ्य १·५ ने, तर कारखान्यात बनणाऱ्या पोलादाचे १·१५ ने भागतात. पोलादी बांधकामाच्या मानकात ही पद्धत २००७ मध्ये प्रमुख ठरली.

हे गुणक स्थानिक परिस्थितीच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाहीत, हे खानदेशच्या उदाहरणावरून दिसते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया असमान हलल्यास सुदृढ भिंतींनाही तडे जातात. म्हणून पाया या थराखाली नेतात किंवा तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या स्थूणा (जमिनीत उतरविलेले खांब) वापरतात.

भूकंपाचे बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात मोठा भूकंप झाला होता. २००२ च्या मानकातील नकाशात तापी खोऱ्याचा समावेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात आहे. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असतो. तो उन्हापासून संरक्षण देतो. मात्र भूकंपात त्याचे वजनच घातक ठरते. मराठवाड्यातील किल्लारी परिसर तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तेथे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे दगावली. २००२ मध्ये तो विभागच रद्द करण्यात आला. तथापि अभिकल्पाविना परंपरेने बांधलेल्या घरांना मानकातील सुधारणेचा लाभ आपोआप मिळत नाही; त्यांचे छप्पर हलके करणे व भिंती सलग पट्ट्यांनी बांधून घेणे आवश्यक असते.