पोरीची शाळा सोडवू नका, आपण शाळेत जाऊ

आज हप्त्याचं, कर्जाचं, बँकेचं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे हायस्कुलात जाणाऱ्या आपल्या लेकरांविषयी.

मागच्या जुलैची गोष्ट. आमच्या गटाची बैठक झाली, बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या आणि बाया उठायला लागल्या. एक वहिनी मात्र बसूनच राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचा दाखला काढून आणावा म्हणते. आठवी झाली, पुरे झालं आता."

पोर हुशार आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे साडेतीन किलोमीटरवरच्या हायस्कुलात जावं लागतं. शाळा पाच वाजता सुटते आणि एसटी येते सव्वासहाला. मधल्या वेळात फाट्यावर मोटारसायकलवाली पोरं घिरट्या घालतात. वहिनींच्या मालकांनी ते पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, उद्यापासून शाळा बंद.

तेवढ्यात दुसऱ्या काकू बोलल्या. त्यांच्या मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून सरांनी हातावर एवढं मारलं की दोन दिवस हात सुजलेला. घरी त्याने सांगितलं, सायकलवरून पडलो. पुढचे तीन दिवस पोटात दुखतंय म्हणून घरीच बसला. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आम्ही मार खाल्ला म्हणून चार अक्षरं आली." त्यावर निम्म्या बायांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी बैठक तासभर लांबली. तिथून पुढे आम्ही जे शिकलो, कायद्यातलं जे माहीत करून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

भीती नेमकी कुठे आहे?

'शाळेत सुरक्षा नाही' असं नुसतं म्हटलं की कोणालाच काही करता येत नाही. म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही हायस्कुलात जाणाऱ्या मुलींनाच बोलावलं आणि आया बाहेर बसल्या. मुली काय सांगतील ते सांगतील, कोणी रागवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

मुलींनी जे सांगितलं ते आम्हाला माहीतच नव्हतं. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते, तेव्हा दुसरी आत जाते. म्हणून बऱ्याच मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत घरी राहतात. शाळेच्या कुंपणाला लागून टपरी आहे, तिथे मोठी पोरं तंबाखू खात बसतात. आणि फाट्यावरचा तो सव्वा तास.

आता बघा, यातली एकेक गोष्ट वेगळी आहे आणि तिचं दार वेगळं आहे. कडीचा प्रश्न मुख्याध्यापकांचा. टपरीचा प्रश्न पोलीस आणि ग्रामपंचायतीचा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय अधिनियमाखाली मोठा गुन्हा आहे. एसटीच्या वेळेचा प्रश्न आगार व्यवस्थापकांचा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे हे आपल्याला माहीत आहे, पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी नसेल तर त्या पासाचा काय उपयोग? ते आपणच लिहून मागायला पाहिजे.

शिस्त पाहिजे, मार नको

आजींचं म्हणणं आम्ही खोडून काढलं नाही. वर्गात शिस्त नसेल तर शिकायला बसलेल्या पोरांचंही नुकसान होतं. पण शिस्त आणि मार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. छडी मारणं तर त्यात आलंच, शिवाय सगळ्यांसमोर जातीवरून, गरिबीवरून, अंगाच्या ठेवणीवरून टाकून बोलणं हाही मानसिक त्रासच आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. म्हणजे नववी-दहावीच्या मुलांना मारायची मोकळीक आहे का? नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ हा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. ज्याच्या ताब्यात मूल दिलं आहे त्यानेच मारहाण केली, छळ केला, तर कलम ७५ खाली शिक्षा होऊ शकते.

पण आमच्या मते कायद्याइतकीच एक दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. काकूंच्या मुलाने घरी खोटं का सांगितलं? शाळेत मार खाल्ला हे कळलं तर घरीही मार बसेल, म्हणून. जे मूल मार खाल्लेलं लपवतं, ते उद्या कोणी अंगाला नको तिथे हात लावला तर तेही लपवेल. मारामुळे मूल सुधारतं की नाही यावर वाद घाला, पण मारामुळे मूल बोलायचं थांबतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही पाच जणी त्या सरांना भेटायला गेलो. भांडायला नाही, विचारायला. सर आधी चिडले, मग म्हणाले, "ताई, एका वर्गात ६२ मुलं आहेत. पालकसभेला बोलावलं तर सहा जण येतात. मी तरी काय करू?" खरं सांगायचं तर आम्ही गप्प झालो. आमच्यातल्या तिघी वर्षभरात एकदाही शाळेत गेल्या नव्हत्या. शेवटी असं ठरलं की मुलाने अभ्यास केला नाही, दंगा केला, तर सरांनी वहीत लिहून पाठवायचं, पालकांनी सही करून आठ दिवसांत येऊन भेटायचं, आणि हात उचलायचा नाही. सरांनी ते मान्य केलं.

शाळेत आपली जागा कुठे आहे?

शाळेत आपण पाहुण्यासारख्या जातो, दारातूनच परत येतो. पण कायद्याने आपल्याला आत जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असायला पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. शिवाय १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती आली. तिच्यात शिक्षिका, पालक महिला, ग्रामपंचायतीची महिला सदस्य, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. मुलींची सुरक्षितता आणि शाळेतली गळती थांबवणं हे तिचं काम. बालविवाह थांबवणं हेही तिच्याकडेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार लवकर नोंदवून घेतली नाही म्हणून लोक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर लगेच शासनाने सगळ्या शाळांसाठी सूचना काढल्या: सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचारी नेमताना त्यांची पार्श्वभूमी तपासणं, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती. म्हणजे कागदावर पुष्कळ आहे. आपण जाऊन चार प्रश्न विचारायचे:

१. सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावली आहेत का? शेवटची बैठक कधी झाली?
२. तक्रारपेटी कुठे आहे? ती मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर असेल तर कोणती मुलगी चिठ्ठी टाकेल? ती कधी आणि कोणासमोर उघडतात?
३. कॅमेरे चालू आहेत का? त्यातलं चित्रण कोण बघतं?
४. मुलींच्या शौचालयाला कडी, पाणी आणि उजेड आहे का?

तोंडी विचारलेलं वाऱ्यावर जातं. म्हणून अर्ज करायचा, तोही गटाच्या नावाने, पाच-दहा सह्यांनी. एकटीच्या सहीवर लोक बोट ठेवतात, दहा जणींच्या सहीवर ठेवता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती आपली पोच. उत्तर आलं नाही तर पोच जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथेही झालं नाही तर जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिथेही हा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

गंभीर गोष्ट घडली तर

आता जे सांगतो ते नीट ऐका आणि घरातल्या पुरुष माणसांनाही ऐकवा. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर पोक्सो कायदा २०१२ लागतो. हो, मुलग्यांनाही लागतो.

ही गोष्ट गावकीत मिटवायची नाही. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे. शाळेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेची बदनामी होईल' असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन, ११२ पोलिसांचा. तिन्ही त्रिकाळ चालू, पैसे लागत नाहीत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आई किंवा जिच्यावर तिचा विश्वास आहे अशी व्यक्ती जवळ असताना. गुन्हा नोंदवायच्या आधीही तपासणी करता येते. तोवर अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. मुलीचं नाव, फोटो, शाळा कुठेही छापता येत नाही, आणि आपल्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकायचं नाही.

आणि लेकरू सांगायला आलं की पहिलं वाक्य जपून बोला. "तू तिथे गेलीसच कशाला?" असं म्हटलं की तोंड कायमचं मिटतं. "बरं केलंस सांगितलंस" एवढं म्हणा.

फाट्यावरची पोरं कोणाची?

शेवटची गोष्ट सांगायला थोडं जड जातं. फाट्यावरच्या त्या तीन पोरांची नावं मुलींनी सांगितली, तेव्हा कळलं की एक आमच्याच गटातल्या बाईचा मुलगा. वय १६, आणि मोटारसायकल बापाची. ती बाई त्या दिवशी रडली, आणि आठ दिवस बैठकीलाही आली नाही. पण मग स्वतः येऊन म्हणाली, "किल्ली मी कपाटात ठेवली."

मैत्रिणींनो, १८ वर्षांखालच्या पोराच्या हातात गाडी दिली तर पालकालाच २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पण दंडाच्या आधी मनाला विचारू. मुलीला आपण सांगतो, मान खाली घालून जा. मुलाला काय सांगतो? शिस्त शाळेने लावावी म्हणतो, तर तिची सुरुवात आपल्या उंबऱ्याच्या आत व्हायला नको का?

आज काय परिस्थिती आहे? शौचालयाची कडी अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी बसली. टपरी कुंपणापासून हलली. एसटी आता सव्वापाचला येते, पण पावसाळ्यात अजून चुकते. ज्या दिवशी गाडी नसेल त्या दिवशी दोघी जणी पाळीने फाट्यावर जाऊन थांबतात. तक्रारपेटीचा अर्ज अजून पंचायत समितीत आहे, पाठपुरावा चालू आहे.

वहिनींनी दाखला काढला नाही. घरात बोलणं झालं, दोनदा भांडण झालं. मालक एकदा स्वतः आमच्याबरोबर पालकसभेला आले आणि मागच्या बाकावर बसले. पोर यंदा दहावीला आहे.

मुलीची शाळा बंद केली की रस्ता होता तसाच राहतो, पोरं तिथेच राहतात, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी वर्षभरात स्थळं येऊ लागतात. म्हणून भीती वाटली तर दाखला काढायला शाळेत जाऊ नका, अर्ज द्यायला जा. पुढच्या बैठकीत हप्ता झाल्यावर अर्धा तास ठेवा, आपल्या मुलींना बोलवा आणि त्या काय सांगतात ते ऐका.

पुन्हा भेटू. नमस्कार.