लोकक्षोभ आणि सत्तेवरील अंकुश : शनिवारवाड्यासमोरचे काही प्रश्न

शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दोघे-तिघे प्राध्यापक दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. ताडीवाला रोड, मंगळवार पेठ, पर्वतीचा पायथा येथील वस्त्यांतून मुले येतात. बहुतेकांच्या घरी कॉलेजात जाणारे ते पहिलेच. गेल्या वर्षी भारतीय संविधानावर बोलत असता शनिवारवाडा जवळच म्हणून मी घाशीराम कोतवालाची हकीकत सांगितली. ती संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, लोकांनी त्याला दगडांनी मारलं. मग न्याय झालाच की! मधे कोर्ट-कायदा कशाला पाहिजे?"

वर्गात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सत्ताधाऱ्याने सत्तेचा दुरुपयोग करावा, लोक संतापावेत, त्यांनी त्याला खाली खेचावे, एवढ्यालाच लोकशाही समजणारे पुष्कळ आहेत. सुशिक्षितांतही आहेत, आपल्या चळवळीतही आहेत. हा समज दलित समाजाला सर्वांत महाग पडतो असे माझे मत आहे. ते का, हे येथे मांडतो.

१

प्रथम घटना पाहू. घाशीराम सावळदास १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला. पेशवा अल्पवयीन होता, कारभार नाना फडणिसांच्या हाती होता आणि कोतवाल हा नानांचा माणूस होता. त्या काळचा कोतवाल म्हणजे नुसता पोलीस अधिकारी नव्हे. रात्रीची गस्त, बाजारावरची देखरेख, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर, लहानसहान तंट्यांचा निवाडा आणि दंडाची वसुली हे सारे त्याच्याकडे असे. पकडणारा तोच, न्याय करणारा तोच आणि दंड घेणारा तोच. अशा जागेवर साधुपुरुष बसविला तरी तो बिघडेल, मग घाशीरामाचे काय?

१७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा पकडून लहानशा खोलीत कोंडला. गुदमरून वीसहून अधिक माणसे मेली. शहर खवळले. जमावाने कारभाऱ्यांकडे कोतवालाचा जीव मागितला. अखेर तो जमावाच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. मोरोबा कान्होबांनी १८६३ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे नाटक आले आणि घाशीराम पुन्हा घराघरांत पोचला.

आता विचारावयाचे प्रश्न असे. चौदा वर्षे हा माणूस काय करीत होता? ज्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण मेले, तीत आधी कोणीच गेले नव्हते काय? गेले असणारच. पण त्यांच्यासाठी शहर खवळले नाही. शहर खवळावयाला मेलेला माणूस शहराला आपला वाटावा लागतो. त्या काळच्या पुण्यात महार-मांगांना सकाळ-संध्याकाळ वेशीच्या आत येण्याची बंदी होती असे सांगतात. त्या वेळी सावली लांब पडते म्हणून! ज्यांच्या सावलीचाही विटाळ, त्यांच्या मरणाने कोणता जमाव वाड्यावर चालून गेला असता? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. पेशवाईत महार-मांगांना कसे वागविले जाई हे तिने त्यात मांडले. ते मांडावयाला पेशवाई बुडून ३७ वर्षे जावी लागली आणि एका चौदा वर्षांच्या मुलीला अक्षर शिकावे लागले.

दुसरी गोष्ट. कोतवाल गेला, कोतवाली राहिली. त्याला नेमणारा, चौदा वर्षे पाठीशी घालणारा कारभारी जागच्या जागी राहिला. पकडणे, निवाडा करणे आणि दंड घेणे हे तीन हातांत वाटावे असा विचारही कोणाला सुचला नाही. जमावाला माणूस दिसतो, व्यवस्था दिसत नाही. दगड माणसाला लागतो, व्यवस्थेला लागत नाही.

२

यावर कोणी म्हणेल, पेशवाईत रामशास्त्री होते. होते, आणि त्यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका मराठी माणसाला पाठ आहे. राज्याच्या हुकुमात एक अक्षर बदलावे आणि ते पडताळून पाहणारे कोणी नसावे, हा तिचा अर्थ मात्र आपण शिकवीत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, राघोबादादाला दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले.

पण राघोबाला देहान्त झाला नाही. शास्त्रीबुवांजवळ धैर्य होते. निकाल अंमलात आणणारी यंत्रणा त्यांच्या मागे नव्हती. पुढे ते परत आले आणि १७८९ साली वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरले. एका माणसाच्या सचोटीवर उभा असलेला अंकुश त्या माणसाबरोबरच सरणावर जातो. अंकुश म्हणजे सज्जन न्यायाधीश नव्हे. न्यायाधीश दुबळा निघाला तरी दुसरीकडून सत्तेला आवर घालील अशी मांडणी, याला अंकुश म्हणावे.

३

ही मांडणी आपल्याला २६ जानेवारी १९५० रोजी मिळाली. ती मिळाली म्हणून सुरक्षित आहे असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी संविधानात्मक नीती ही उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बजावले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. हे भाषण आपण जयंतीला ऐकतो, आणि त्याच व्यासपीठावर पुढाऱ्याच्या गळ्यात क्रेनने हार घालतो!

इशारा खरा ठरावयाला २६ वर्षेही लागली नाहीत. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली; मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. एक लाखाहून अधिक माणसे खटल्याविना तुरुंगात गेली. आमच्या पुण्याचे येरवडा भरून गेले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी निर्भयपणे निषेध केला आणि पुढे अटकही सोसली.

अंकुश कसे एकामागून एक गळून पडले ते पाहण्यासारखे आहे. संसदेने ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती वाट बंद केली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला देण्यात आले. बहुमतातल्या चौघांत मूळ पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला २०१७ साली, आणि तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचेच चिरंजीव होते. चूक दुरुस्त झाली. मधे ४१ वर्षे गेली.

येथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. आणीबाणीत दलित समाज एकमुखाने विरोधात नव्हता. वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला होता, वीसकलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमिनीची आशा होती, गावचा पाटील-सावकार काही काळ दबून होता. आपल्यातल्या नामवंतांनीही इंदिरा गांधींची बाजू घेतली. मी त्यांना दोष देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला गावाने छळले, त्याला गावाला दरडावणारे दिल्लीचे सरकार आपले वाटणे साहजिक आहे. पण मेहेरबानीने मिळालेले हक्क नव्हेत. त्याच काळात दिल्लीत तुर्कमान गेटला गरिबांच्या घरांवर बुलडोझर फिरले. तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. झाले असते तर पोलीस प्रथम कोणाच्या वस्तीत शिरले असते, हे वाचकांना सांगावयाला नको.

मार्च १९७७ मध्ये लोकक्षोभाने सरकार उलथून टाकले. १९८० साली तीच लाट ओसरली आणि इंदिरा गांधी पुन्हा निवडून आल्या. मग उरले काय? १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती उरली. 'अंतर्गत अशांतता' एवढ्या मोघम शब्दावर आता आणीबाणी लादता येत नाही, सशस्त्र बंड असावे लागते; मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो; जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. क्षोभ तीन वर्षांत विरला, त्याने मागे ठेवलेली कलमे मात्र टिकली. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

४

दुसरे उत्तर अधिक कडू आहे. लोकक्षोभ नेहमी दुबळ्यांचाच असतो असे नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावर मराठवाड्यात जो क्षोभ उसळला तोही 'लोकां'चाच होता. त्याने बौद्धवाडे जाळले, माणसे मारली, आणि ठराव गुंडाळावयास लावला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. लोकप्रतिनिधींचा निर्णय जमावाने सोळा वर्षे अडवून धरला. गर्दीला न्यायासनावर बसविणाऱ्यांनी हे विसरू नये.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात चोरी झाली आणि माझ्या बापाला हमालीवरून परस्पर चौकीत नेले. आई रात्रभर चौकीच्या पायरीवर बसून होती. एकही माणूस जमला नाही. बौद्धवाड्यातलेही भीतीने आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या आळीतले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. त्यांनी जमादाराला एवढेच विचारले, की अटकेची नोंद कोठे आहे, आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर कधी नेणार? आवाज चढविला नाही. तासाभरात बाप बाहेर आला. त्याचा एक कान सुजलेला होता, त्याला पुढे त्या कानाने कमीच ऐकू येई. गुरुजी कोणते कलम बोलले हे मला बी. ए.ला कळले. ते संविधानाचे बावीसावे कलम होते. माझ्या बापासाठी जमाव कधीच जमला नसता. त्याला सोडविले ते एका ओळीने, आणि ती ओळ वाचता येणाऱ्या एका माणसाने.

५

म्हणून अंकुश केव्हा निघतो याकडे डोळे लावून बसले पाहिजे. तो नेहमी गाजावाजा करून निघत नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे संविधानाचे २४३-यू हे कलम सांगते. पण आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात ती लांबत गेली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. प्रशासक चांगला की वाईट हा येथे प्रश्नच नाही. वस्तीतल्या संडासाचे दार मोडले, नळाला पाणी आले नाही, तर ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा नगरसेवक नव्हता. आणि एवढ्या काळात शनिवारवाड्यासमोर किती माणसे जमली? खोलीत माणसे गुदमरली की शहर जागे होते. खोलीची खिडकी बुजविली जात असते तेव्हा मात्र कोणी उठत नाही.

संतापू नका असे माझे म्हणणे नाही. संताप मेलेला समाज गुलामच होतो. पण संतापाने व्यक्तीमागे धावण्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात : पकडणारा आणि न्याय करणारा वेगळा आहे काय? निर्णय कोणी, कोणत्या अधिकाराने घेतला, हे लेखी मिळते काय? आणि ज्याच्यासाठी कोणीही रस्त्यावर येणार नाही, त्या एकट्या माणसाला दाद मागावयाला दार उघडे आहे काय? हे प्रश्न आपल्या विरोधकांना विचारावेत तसेच आपल्या पुढाऱ्यांनाही विचारावेत. आपल्या संघटनांचे हिशेब, निवडणुका आणि फाटाफूट आठवली तर हे बोलणे कोणाला उद्देशून आहे ते कळेल.

पुढच्या रविवारी त्या मुलीला मी बावीसावे कलम वर्गात मोठ्याने वाचावयास सांगितले. तिने वाचले आणि विचारले, "हे आमच्या चौकीत लावलंय का?" मी म्हटले, जाऊन पाहा. ती आणि आणखी दोघी गेल्या. नव्हते. आता त्यांनी ते स्वच्छ अक्षरांत लिहून काढले आहे, आणि चौकीत लावण्याच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जाची पोच त्यांच्याजवळ आहे.