फोन कुणाचा, हे कानाला कळावे

मोबाईलची रिंगटोन म्हणजे पोरासोरांची हौस, असे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. नवा फोन घरात आला की थोरला दिवसभर गाणी लावून पाहतो, आई ओरडते, आणि विषय संपतो. पण आम्हाला वाटते, या हौसेत आपल्या मायबहिणींच्या उपयोगाची एक गोष्ट दडलेली आहे. ती नीट समजून घेतली पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सात वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ७६ टक्के साक्षर आढळल्या. म्हणजे जवळजवळ चौघींत एकीला अक्षरओळख नव्हती. आपल्या घरातल्या आजीचा, मावशीचा, आत्याचा हिशेब यातच येतो. आज त्यांच्याही हातात मोबाईल आहे. फोन वाजतो, पडद्यावर नाव उमटते, तेही बहुधा इंग्रजी अक्षरांत. तिला ते वाचता येत नाही. मग ती शेजारच्या पोराला हाक मारते, "बघ रे बाबा, कुणाचा फोन आहे?" पोर येईपर्यंत फोन बंद पडतो. मोतीबिंदू झालेल्या आजोबांचीही हीच अडचण. आणि जिला वाचता येते, तिचे हात तरी कुठे मोकळे असतात? ती दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते, नाहीतर हातात झाडू असतो.

अशा माणसाला फोन कुणाचा हे डोळ्यांऐवजी कानाने कळले तर? लेकीचा फोन आला की लेकीचाच आवाज वाजावा, "आई, मी ताई बोलतेय, फोन उचल." धाकट्याचा आला की धाकट्याचा आवाज. हे सहज करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पूर्वी ही सोय नव्हती. नोकिया कंपनीने १९९४ साली आपल्या फोनमध्ये एक धून घातली. ती स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या रचनेतून घेतलेली होती. आपल्या देशात मोबाईल सुरू झाला १९९५ साली. पुढे तो सामान्य माणसाच्या खिशात पोचला, तेव्हा एसटीत, लोकलमध्ये हीच धून वाजायची, आणि एकाचा फोन वाजला की दहा जण खिसे चाचपायचे. आजच्या स्मार्टफोनमध्ये मात्र माणूसगणिक वेगळा आवाज लावता येतो.

आधी एक घोटाळा दूर करू. रिंगटोन वेगळी आणि कॉलरट्यून वेगळी. रिंगटोन आपल्या फोनमध्ये असते आणि आपल्यालाच ऐकू येते. कॉलरट्यून कंपनीच्या यंत्रणेत असते, ती आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते. कॉलरट्यूनसाठी कंपनी पैसे कापू शकते. म्हणून "गाणे लावायचे असल्यास अमुक बटण दाबा" असा फोन आला तर बटण दाबू नये. नकळत अशी सेवा सुरू होऊन पैसे कटत असतील, तर ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे.

आता कृती पाहू. अँड्रॉइड फोनमध्ये आवाज टिपणारे रेकॉर्डर बहुधा असतेच. पंखा, टीव्ही बंद करावा. फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा आणि दहा-पंधरा सेकंद बोलावे. जास्त लांबण लावू नये, कारण फोन उचलेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाजते. नाव अगदी सुरुवातीला घ्यावे. एक युक्ती आहे. बोलण्याआधी दोन टाळ्या वाजवाव्यात किंवा स्टीलच्या ताटलीवर चमचा मारावा. नाहीतर पोर खरेच दारातून हाक मारते आहे असे वाटून आजी बाहेर जायची! फोनचा भोंगा लहान असतो, त्यातून ढोलकीचा घुमारा नीट निघत नाही. लहान मुलांचा, बायकांचा उंच आवाज मात्र गर्दीतही ओळखू येतो.

रेकॉर्डिंगला ओळखू येईल असे नाव द्यावे. मग आईच्या फोनमध्ये संपर्कांच्या यादीत जावे, लेकीचे नाव उघडावे. वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत किंवा नाव दुरुस्त करण्याच्या जागी रिंगटोनचा पर्याय सापडतो. तिथे ते रेकॉर्डिंग निवडले की काम झाले. कंपनीप्रमाणे ही जागा थोडी बदलते. यादीत रेकॉर्डिंग दिसत नसेल, तर फोनच्या साठ्यात 'रिंगटोन्स' नावाचा कप्पा असतो, त्यात ते उतरवून ठेवावे.

दोन ठिकाणी बरेच जण अडतात. नंबर सिमकार्डात साठवलेला असेल तर पुष्कळ फोनांत त्याला वेगळी टोन लागत नाही, म्हणून तो आधी फोनमध्ये साठवावा. दुसरे, रेकॉर्डिंग मेमरी कार्डात ठेवू नये. कार्ड काढले की फोन पुन्हा मूळ टोनवर जातो. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फोनची टोन व्हॉट्सॲपमध्येच वेगळी लावावी लागते.

या कामासाठी कुणाची ॲप घेण्याची गरज सहसा पडत नाही. रिंगटोन कापायला ॲप घेतलेच आणि ते आपले एसएमएस वाचण्याची परवानगी मागू लागले, तर तिथेच थांबावे. बँकेचा ओटीपी एसएमएसमध्येच येतो. रिंगटोनला एसएमएसशी काय करायचे आहे? व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली ॲपची फाईलही उघडू नये.

या सोयीचा आणखी एक फायदा आहे. घरच्या माणसांचे आवाज ठरले की परक्या नंबरचा फोन वेगळा ऐकू येतो. "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे, लगेच पैसे पाठवा" असे सांगून लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. परकी टोन वाजली की आईने जपून बोलावे, पैशाचे नाव निघाले की फोन ठेवावा आणि मुलाला त्याच्या नंबरावर स्वतः फोन करावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मात्र ओळखीची टोन वाजली म्हणजे तो फोन त्या नंबरावरून आला, एवढेच समजावे. बोलणारा कोण, हे आवाज ऐकूनच ठरवावे.

घरच्यांचे आवाज लागले, मग बाकी सगळ्यांसाठी काय लावावे? आपल्या वस्तीत याचे उत्तर बहुतेक जण भीमगीत असेच देतील. ज्यांची गाणी आपण जलशांत आणि पुढे कॅसेटवर ऐकली, ते वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आज नाहीत. दोघेही २००४ साली गेले. त्यांची परंपरा आज मोबाईलमधून वाजते. पण त्याच रिंगटोनवरून २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाला जीव गमवावा लागला. लग्नासाठी तो तिथे आला होता. मोबाईलवर बाबासाहेबांवरचे गाणे वाजले, ते बंद करण्यावरून वाद झाला आणि त्याला मारून टाकण्यात आले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. शिकायला गेलेला पोर तो. हे आठवले की रिंगटोनला क्षुल्लक म्हणायला आमचे मन धजत नाही. आपल्या खिशात कोणता सूर वाजावा, हे ठरवण्याचा हक्क आपलाच आहे. तो भीतीपोटी सोडा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. इस्पितळात, वर्गात, सभेत आवाज बंद ठेवावा, तो सगळ्यांनीच, सारख्या नियमाने.

शेवटी तरुण मुलामुलींना एक सांगणे. येत्या रविवारी तासभर काढा. आजीच्या, आईच्या फोनमध्ये पाच-सहा घरची नावे आवाजासकट लावून द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. ही रिंगटोन म्हणजे काठी आहे, पाय नव्हेत. ती नावे मराठी अक्षरांत साठवा. ताईचा आवाज वाजला की पडद्यावर 'ताई' दिसेल. हा 'त', हा काना, ही 'ई', असे बोट धरून दाखवा. दिवसातून चार फोन आले तर तेच अक्षर चार वेळा डोळ्यांखालून जाईल. काही महिन्यांनी एखाद्या दिवशी फोनचा आवाज बंद असेल आणि तरी आई म्हणेल, "अरे, ताईचा फोन आहे." त्या दिवशी ही खटपट कामी आली असे समजा.