देश एक, नांवें दोन

1932 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या 15 तारखेस कराचीहून निघालेलें एक लहानसें विमान अहमदाबादेवरून येऊन जुहूच्या मैदानावर उतरलें. चालक होते जे. आर. डी. टाटा, आणि विमानांत टपालाच्या थैल्या होत्या. त्या काळीं सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग असल्यामुळें तें टपाल इलाख्यांतल्या इलाख्यांतच फिरलें म्हणावयाचें. पुढें 1936 सालीं सिंध निराळा प्रांत झाला आणि 1947 सालीं पाकिस्तानांत गेला. परंतु ज्या नदीनें त्या प्रांतास नांव दिलें, तिनेंच आपल्या देशासही त्याचें परदेशी नांव दिलेलें आहे. नदी बहुतांशीं तिकडे राहिली, नांव इकडे राहिलें!

सिंधूचा ‘इंडिया’ कसा झाला हें पाहण्यासारखें आहे. संस्कृतांतील ‘स’ प्राचीन इराणी भाषेंत ‘ह’ होतो. आपल्या मराठींत सप्ताह आणि हप्ता हे दोन्ही शब्द नांदतात, त्यांपैकीं दुसरा फारशींतून आलेला. त्याच नियमानें सिंधूचें हिंदु झालें; दारयवहु बादशहाच्या शिलालेखांत आपल्या सीमेवरील प्रांताचें नांव ‘हिंदुश’ असें कोरलेलें आहे. इराण्यांकडून तें नांव आयोनिया प्रांतांतील ग्रीकांकडे गेलें. त्यांच्या बोलींत ‘ह’कार नव्हता, म्हणून हिंदूचें इंदोस झालें, आणि पुढें लॅटिनांतून युरोपभर इंडिया. परका मनुष्य देशांत शिरतांना त्यास प्रथम दिसतो तो उंबरठा, आणि उंबरठ्याचेंच नांव तो सगळ्या घरास देतो. घरांतील माणसें आपल्या घरास काय म्हणतात, हें त्यास पुष्कळ उशीरां कळतें.

ग्रीकांची आपण नेमकी हीच गत केली. ते स्वतःच्या देशास हेलास म्हणत. पण पूर्वेकडील लोकांची गांठ पडली ती आयोनियाच्या ग्रीकांशीं. म्हणून ते आपले यवन झाले, आणि अरबांनीं त्यांच्या देशास युनान म्हटलें. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर यवन दात्यांचे लेख आजही आहेत.

मुंबईकरास मात्र याचा दाखला शोधण्यासाठीं कार्ल्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. पारस हा इराणचा एक दक्षिणेकडील प्रांत. तेथून उदयास आलेल्या राजघराण्याशीं ग्रीकांचा संबंध आला, म्हणून त्यांनीं सगळ्याच देशास पर्सिया ठरविलें. तेथील लोक आपल्या देशास शतकानुशतकें इराणच म्हणत आले होते, आणि 1935 सालीं रेझाशहाच्या सरकारनें परराष्ट्रांस तेंच नांव वापरण्याविषयीं कळविलें. आतां मुंबईकडे पहावें. फार प्राचीन काळीं गुजराथच्या किनाऱ्यास लागले ते पारशी. एकोणिसाव्या शतकापासून पुढें आले ते इराणी. मूळ देश एक, त्यांच्यांतील पुष्कळांचा धर्मही एकच, परंतु एका देशाच्या दोन नांवांनीं एका शहरांत दोन समाज ओळखले जातात. नाक्यावरच्या इराण्याकडे बसून चहा घेणाऱ्या पारशी गृहस्थास यांत कांहीं विशेष वाटत नसेल, ही गोष्ट निराळी.

कधीं कधीं नांव मध्यस्थाच्या तोंडून येतें. जुहूसकट साष्टीचा सगळा मुलूख एके काळीं पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. वसई चिमाजी आप्पांनीं घेतली ती 1739 सालीं. पोर्तुगीज हे येथें प्रथम आलेले युरोपीय, त्यामुळें मागून आलेल्यांचीं नांवें आपण त्यांच्याच उच्चारानें शिकलों. ‘इंग्रज’ हा शब्द इंग्रजांचा नव्हे, पोर्तुगीजांचा आहे. हॉलंडचे ते वलंदेज आणि डेन्मार्कचे ते डिंगमार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत या सर्व टोपीकरांचा उल्लेख आहे. वलंदेजांच्या देशाचें खरें नांव नेदरलँड्स. हॉलंड हा त्यांतील एक भाग. पण व्यापारी गलबतें पुष्कळशीं त्या भागांतून येत, आणि जगास तेवढेंच ठाऊक झालें.

जर्मनीच्या नांवांचा गोंधळ याहून मोठा. तेथें 1871 पर्यंत एक राज्यच नव्हतें, त्यामुळें ज्या शेजाऱ्यास जी टोळी भेटली तिचें नांव त्यानें धरलें. फ्रेंचांनीं आलेमानी लोकांवरून, फिनलंडच्या लोकांनीं सॅक्सनांवरून. ते स्वतः देशास डॉइच्लांड म्हणतात; त्याचा मूळ अर्थ लोकांचा देश एवढाच.

परक्यांनीं दिलेलें नांव पुढें स्वतंत्र राष्ट्रानें धरावें कीं टाकावें, हा प्रश्न घटनासमितीपुढें 1949 सालीं प्रत्यक्ष उभा राहिला. 1948 च्या मसुद्यांत केवळ ‘इंडिया’ होतें. डॉ. आंबेडकरांनीं त्यांत ‘अर्थात् भारत’ हे शब्द घालणारी दुरुस्ती मांडली. भारत हें नांव पुराणांतून चालत आलेलें, घरांतलें. तें मागून यावें हें हरि विष्णु कामत यांस रुचलें नाहीं. भारत हें मुख्य ठेवून इंडिया हा केवळ त्याचा इंग्रजी पर्याय म्हणून द्यावा, असें त्यांचें म्हणणें. 18 सप्टेंबर रोजीं मतें मोजलीं गेलीं, तीं कामतांच्या बाजूनें 38 आणि विरुद्ध 51. त्यांचा सल समजण्याजोगा होता. पण 1945 सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर देशाची सही झाली होती ती इंडिया या नांवानें, आणि चालू खात्याचें नांव बदलणें व्यवहारांत किती कटकटीचें असतें, हें कोणाही गृहस्थास ठाऊक आहे. घटनेच्या हिंदी पाठांत मात्र क्रम उलटा आहे. तेथें भारत अगोदर आणि इंडिया मागून. 2023 च्या सप्टेंबरांत राष्ट्रपतींच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर ‘भारत’ छापलें गेलें, तेव्हां जुना वाद पुन्हां निघाला. कलम आहे तसेंच आहे.

टपालाच्या तिकिटांवर हा सगळा इतिहास बोटाएवढ्या जागेंत मावतो. 21 नोव्हेंबर 1947 रोजीं निघालेल्या स्वतंत्र देशाच्या पहिल्या तिकिटावर नागरींत ‘जय हिंद’ होतें आणि रोमन लिपींत इंडिया. आजच्या तिकिटांवर भारत आणि इंडिया हीं दोन्ही शेजारीं शेजारीं असतात. स्वित्झर्लंडचे लोक चार भाषा बोलतात, म्हणून त्यांनीं चारींपैकीं एकही नांव न घेतां तिकिटावर ‘हेल्व्हेशिया’ हें जुनें लॅटिन नांव छापलें आहे.