नापास विद्यार्थी आणि बदललेले कॉलेज

परीक्षेचा निकाल लागून घरातील मुलगा नापास झाल्याचे कळले, की पहिले तीन-चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मग एके संध्याकाळी आजोबांच्या खोलीत वडीलधारी मंडळी जमतात आणि बहुधा एकच उपाय पुढे येतो : कॉलेज बदलावे. प्राध्यापक बरे नव्हते, संगत वाईट होती, वसतिगृहाचा खर्च झेपत नव्हता, ही कारणेही आपोआप गोळा होतात. ती सर्वच खोटी असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु अपयशाचे कारण जुन्या कॉलेजात मागे राहणार, की मुलाबरोबरच नव्या गावी जाणार, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात क्वचितच आले आहे. म्हणून एका प्रसिद्ध विद्यार्थ्याची हकीगत आम्ही येथे देत आहो. तो पुढे जगद्विख्यात झाला, ही गोष्ट वाचकांनी घटकाभर बाजूस ठेवावी आणि गरीब घरचा एक नापास मुलगा एवढ्याच दृष्टीने त्याच्याकडे पाहावे.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणम् येथे गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. आई देवळात भजने म्हणे आणि घरी विद्यार्थी ठेवून संसाराला हातभार लावी. शाळेत गणिताचे पारितोषिक पटकावून १९०४ साली हा मुलगा तेथील सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाला. परंतु तत्पूर्वीच कार नामक ग्रंथकाराचा गणिती सिद्धांतांचा संग्रह त्याच्या हाती पडला होता. त्यात हजारो सूत्रे, आणि सिद्धता बहुतेक नावापुरत्याच. त्या ग्रंथाने मुलाला असे झपाटले, की वर्गात इतिहास चालो की इंग्रजी, त्याचे चित्त सूत्रांतच. परिणाम व्हावयाचा तोच झाला. इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली.

एका सत्राची फी ३२ रुपये, आणि वडिलांचा मासिक पगार सुमारे २० रुपये. ज्या घरात एका पगारावर सारे चालते, त्या घराला या दोन आकड्यांचा अर्थ फोड करून सांगावयास नको. आई स्वतः प्रिन्सिपलसाहेबांस जाऊन भेटली. नियमापुढे तिचे काही चालले नाही. मुलगा काही महिने कसाबसा कॉलेजात जात राहिला, आणि १९०५ च्या ऑगस्टमध्ये कोणास न सांगता विशाखापट्टणम् कडे निघून गेला. वय अवघे सतरा. आईबापांना वर्तमानपत्रात मुलगा हरवल्याची सूचना द्यावी लागली. नापास मुलाला आळशी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. हा मुलगा दिवसरात्र वहीत काही ना काही लिहीत असे. त्याला घराबाहेर काढले ते आळसाने नव्हे, शरमेने. निकालानंतर मुलगा तासभर दिसेनासा झाला तर आजही आपल्या काळजाचे पाणी होते, ते उगीच नव्हे.

१९०६ च्या आरंभी त्याने कॉलेज बदलले. मद्रासेस आजीकडे राहून तो पचयप्पा कॉलेजात जाऊ लागला. तेथील गणिताच्या शिक्षकांनी त्याच्या वह्या पाहिल्या, त्याला प्रिन्सिपलांकडे नेले, आणि अंशतः शिष्यवृत्तीही मिळाली. नवे कॉलेज वाईट होते असे कोणासही म्हणता येणार नाही. परंतु विद्यापीठ तेच होते, एफ. ए. चा अभ्यासक्रमही तोच. इंग्रजी पुन्हा समोर उभे, आणि शारीरविज्ञानाचा तर त्याला मनस्वी तिटकारा. त्यात आजारपण येऊन घरी परतावे लागले. १९०६ साली तो नापास झाला. १९०७ साली बाहेरून परीक्षा दिली, तेव्हा गणितात उत्तीर्ण, इतर सर्व विषयांत नापास. एक विषय गेला की सारी परीक्षा गेली, असा त्या काळचा नियम.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. १९११ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा पहिला निबंध छापून आला. (या परिषदेचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते, हे आमच्या वाचकांस वाचून आनंद होईल.) १९१२ साली मद्रास बंदरात ३० रुपयांची कारकुनी मिळाली, आणि १९१३ साली त्याच मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही ७५ रुपयांची मासिक शिष्यवृत्ती दिली. मात्र दर घरी रामानुजन जन्मत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. मुलाच्या नापासीचे समर्थन करण्यास हे उदाहरण वापरू नये.

आज नियम पुष्कळ सैल झाले आहेत. ए. टी. के. टी. मिळत असेल तर त्याच कॉलेजात पुढील वर्गात बसून राहिलेला विषय काढता येतो, आणि निम्म्या घरांना तेच स्वस्त पडेल असा आमचा अंदाज आहे. नोकरी धरणे भागच असेल त्याला १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. आणि बदलावयाचेच ठरले तर ते लवकर ठरवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली घालून दिलेल्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्काची अल्प कपात सोडता पूर्ण फी परत मिळते. पुढे ती ९०, ८०, ५० टक्के अशी घटते, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजाला नाही. २०२१ पासून श्रेयांकांची बँक सुरू झाली असून तीत जमा झालेले श्रेयांक सामान्यतः सात वर्षे टिकतात. मात्र ते मानून घेणे नव्या संस्थेच्या हाती असते. तेव्हा कोणते विषय मानले जातील आणि चालू शिष्यवृत्ती पुढे राहील किंवा नाही, या दोन्ही गोष्टी जुन्या कॉलेजाचा दाखला काढण्यापूर्वी नव्या कॉलेजाकडून लेखी घ्याव्यात. तो अर्ज मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा, आणि आजोबांनी फक्त वाचून द्यावा.