अल्बमच्या पानावरची मराठी

लग्नाचा अल्बम कोणत्या सालातला हे ओळखायला नवरदेवाच्या मिशा किंवा नवरीच्या साडीचा पदर बघायची गरज नसते. पानावरची अक्षरं बघितली तरी पुरतं. नाशिकच्या कुठल्याही जुन्या घरात माळ्यावरून तीन पिढ्यांचे अल्बम खाली काढा आणि फोटो सोडून फक्त मजकूर वाचत जा. आधी अक्षर हाताचं आहे, मग अक्षरच नाही, मग इंग्रजीचा पूर आहे आणि अगदी अलीकडे मराठी परत आली आहे. मधली वीसेक वर्षं ती कुठे गेली होती, याचं उत्तर लोकांच्या हौसेपेक्षा यंत्राच्या पोटात जास्त सापडतं.

काळ्या जाड पानांचे अल्बम आठवतात? दोन पानांच्या मध्ये बटर पेपर, फोटोच्या चार टोकांना चिकटवायचे कोपरे आणि खाली पांढऱ्या शाईने लिहिलेली ओळ. घरात ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात हे काम पडायचं. ‘मामा वधूला घेऊन येताना’, ‘कानपिळी’, ‘व्याह्यांची भेट’, मध्येच एखादं ‘रुसलेले जावई’. चित्रावर शब्द बसवण्याचा नाद या जिल्ह्याला तसा जुनाच. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि छपाई दोन्ही धंदे करून पाहिले होते, आणि १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली पात्रं मुकी असल्यामुळे गोष्ट पुढे नेण्याचं बरंचसं काम अक्षरांच्या पाट्यांवरच होतं.

रंगीत फोटो स्वस्त झाले तसे पाकिटांचे अल्बम आले. प्लॅस्टिकच्या खिशात चार बाय सहाचा फोटो सरकवला की लिहायला जागाच उरत नसे. मग लोक फोटोच्या पाठीवर बॉलपेनने तारीख घालत, आणि हात जड असला की पुढच्या बाजूला नेमकी नवरीच्या गालावर ती उलटी उमटे. अक्षर गेलं ते असं, कुणी हाकललं म्हणून नव्हे.

त्याच सुमारास शहरातल्या छापखान्यांत खिळ्यांच्या जागी डीटीपी येत होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, असे मराठी फॉन्ट पत्रिकेच्या दुकानांत पोहोचले. संगणकाला तेव्हा मराठी येतच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. जेमतेम दोन-अडीचशे जागांत अख्खी लिपी कोंबलेली. मशीनच्या लेखी आपण इंग्रजीच टाइप करत असायचो. फाइल दुसरीकडे नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. म्हणून ‘फाइल कर्व्ह करून आणा’ हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक प्रिंटिंगवाल्याच्या तोंडी बसलं. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं. मग फॉन्ट असो नसो, ते बिघडत नाही. पण त्यातली चूकही दुरुस्त करता येत नाही, हे ‘चि. सौ. कां.’मधलं टिंब राहून गेल्यावर कळायचं.

घराघरात वर्ड आर्ट पोहोचली ती मात्र एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्समुळे. एमकेसीएलने हा कोर्स २००२ साली सुरू केला आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने वर्डमधली ती कमानदार, इंद्रधनुष्यी, मागे लांब सावली पडलेली अक्षरं गिरवली. आज त्यांची चेष्टा होते. तरी स्वतःचं नाव वाकवता येतं, फुगवता येतं, रंगवता येतं, हा आनंद लोकांना पहिल्यांदा तिथेच मिळाला, आणि त्या आनंदाला नाक मुरडणाऱ्यांशी माझं काही जमत नाही.

मग रोल जाऊन मेमरी कार्ड आलं आणि करिझ्मा अल्बमचा जमाना सुरू झाला. बारा बाय छत्तीस इंचांचं एक शीट, उघडलं की दोन पानं मिळून सलग पट्टा. हे शीट कोऱ्यापासून कोण बांधणार? बाजारात तयार पीएसडींच्या, म्हणजे फोटोशॉपमधल्या साच्यांच्या, डीव्हीडी मिळत. फुलं, महाल, हंस, ढग, आणि कोपऱ्यात आधीच लिहिलेलं ‘टुगेदर फॉरेव्हर’, ‘मेड फॉर ईच अदर’, ‘स्वीट मेमरीज’. मे महिन्याच्या लग्नसराईत स्टुडिओतल्या पोराला एकेका रात्रीत शीटं संपवायची असत. तो फोटो टाकी, नावं बदली, आणि तयार इंग्रजी तशीच ठेवी. त्यामुळे ज्या जोडप्याने एकमेकांशी इंग्रजीत कधी एक वाक्य बोललं नसेल, त्यांच्या सप्तपदीवरही ‘टुगेदर फॉरेव्हर’ सोनेरी अक्षरांत झळकलं.

यात कारागिरी नव्हती असं मात्र म्हणू नये. चांगला डिझायनर येवल्याच्या पैठणीच्या काठावर आयड्रॉपर टेकवून तोच जरीचा रंग उचलायचा आणि नवरीच्या नावाला द्यायचा. एका रंगाने जरीची चमक दिसत नाही. मग फिकट-गडद-फिकट असा ग्रेडियंट, त्यावर थोडं बेव्हल-एम्बॉस, कडेला केसाएवढा मरून स्ट्रोक. ड्रॉप शॅडोची दिशा फोटोतल्या उजेडाशी जुळवणारे थोडे होते. जुळवली की नाव पानावर ठेवल्यासारखं दिसे. नाही जुळवली की वर तरंगत राही.

तयार इंग्रजी काढून मराठी का घातली नाही, हा प्रश्न इथे येतो. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला. म्हणजे कागदोपत्री मराठीची सोय झाली होती. पण फोटोशॉपला ती लिपी जुळवता येत नव्हती. ‘स्मिता’ टाइप करा: स खाली पाय मोडलेला, म सुटा, आणि त्याची वेलांटी आधी यायची ती नंतर. गंमत म्हणजे जुने, तुकड्यांचे फॉन्ट तिथे बिनबोभाट चालत, कारण फोटोशॉपच्या दृष्टीने ते इंग्रजीच. त्यामुळे सगळं जग युनिकोडकडे गेलं तरी आमचे स्टुडिओ श्रीलिपीला धरून राहिले. पुढे व्हॉट्सॲप आलं आणि गिऱ्हाईक नावं मराठीत पाठवू लागलं. ती सरळ उचलून चिकटवायची सोय नाही. कन्व्हर्टर लावा, नाहीतर बघून पुन्हा टाइप करा. नावांतल्या कितीतरी चुका या पुन्हा टाइप करण्यातून आल्या. २०१३नंतरच्या फोटोशॉप सीसी आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळा पर्याय आला, पण तो सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागे, आणि निम्म्या दुकानांत तर जुनीच आवृत्ती चालू होती.

शिवाय आपल्या आणि हिंदीच्या अक्षरांत फरक आहे. ‘शीतल’ हे नाव घ्या. श आणि ल ही दोन्ही अक्षरं मराठी वळणाची वेगळी, हिंदी वळणाची वेगळी. राज्य शासनाने २००९च्या आदेशात मराठी वळण ठरवूनही दिलं. डीव्हीडीतले फॉन्ट बहुतेक हिंदी वळणाचे. नाव चुकलेलं नसतं, तरी आजीला ते परकं वाटतं आणि का वाटतं ते सांगता येत नाही.

बदल झाला तो २०१४च्या आसपास. गूगलने देवनागरी फॉन्ट फुकट उपलब्ध करायला सुरुवात केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू, त्यांचाच गोलमटोल मोदक, हातच्या अक्षरासारखा कलम, लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून आलेला यात्रा वन. बारशाच्या पानाला मोदक शोभतो. सहस्रचंद्रदर्शनाच्या पानावर तोच टाकला तर आजोबांची थट्टा केल्यासारखं दिसतं. अक्षराने अर्थ अंगावर वागवायचा असतो, हे अक्षररचनाकार कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतून कितीतरी वर्षं दाखवलं होतं. शेडगे २०२०मध्ये गेले. त्याच वर्षी टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी पिक्सेललॅब आणि कॅनव्हा या ॲपवर स्वतःच पानं रचायला घेतली.

तेव्हापासून मराठी जोरात आहे. ‘अहो, ऐका ना’, ‘नवरदेवाची करवली’, ‘ठरलं एकदाचं’. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तर तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, नाशकात फोनच्या पडद्यावर दुसरं काही दिसतच नाही. पण हे शब्दही आता तयारच मिळतात. इंग्रजी साचा गेला आणि मराठी साचा आला, एवढाच फरक कितीतरी अल्बमांत आहे. मला आवडतात ती पानं वेगळी आहेत. आजीने वहीत लिहिलेल्या उखाण्याचा फोटो काढायचा, लेव्हल्स ओढून कागद पांढरा आणि शाई काळी करायची, लेअर मल्टिप्लायवर टाकायचा. कागद नाहीसा होतो आणि अक्षर हळदीच्या फोटोवर उतरतं, कापऱ्या मात्रांसकट. त्याला फॉन्ट लागत नाही, आणि तो उखाणा दुसऱ्या घराच्या अल्बमात चालतही नाही.

सध्या एआयकडून पानं करून घ्यायची लाट आहे. चित्रं देखणी निघतात, पण जोडाक्षरावर गाडी कधीकधी अडखळते: ‘शुभविवाह’ नीट येतो आणि ‘ज्ञानेश्वरी’चा ज्ञ कुठल्याच लिपीतला नसतो. म्हणून जाणते डिझायनर चित्र तिथून घेतात, त्यावरची अक्षरं पुसतात आणि मराठी वेगळ्या लेअरवर स्वतः टाइप करतात.