नाथसागराचा किनारा : वर्षातून एकदाची भरती-ओहोटी

किनारा राखण्याचा विषय निघाला की आपले बोलणे कोकणात सुरू होते आणि कोकणातच संपते. कांदळवने, वाळू, खाडीतला भराव, मच्छीमारांचे हक्क हे सारे प्रश्न खरेच आहेत. पण मराठवाड्यालाही एक किनारा आहे, आणि तो मोठा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणामागे पसरलेल्या नाथसागराचा. गेली काही वर्षे मी या काठाने हिंडतो आहे, नकाशे आणि धरणाचे आकडे ताडून पाहतो आहे. मी अभियंता नाही, पक्षिशास्त्रज्ञही नाही. पण या हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपण नाथसागराचे पाणी मोजतो, त्यावरून भांडतो, कोर्टात जातो; त्याच्या काठाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

आधी या जलाशयाची ठेवण पाहू. निजामी राजवटीच्या काळात हे धरण गोदावरीवर खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ बांधायचे घाटत होते. पुढे जागा वर पैठणला सरकली, नाव तेवढे मागे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि १०२ टीएमसीहून अधिक, म्हणजे २,९०९ दशलक्ष घनमीटर साठा. हा साठा सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. भागाकार केला तर सरासरी खोली निघते सव्वाआठ मीटर. कोयनेचा शिवसागर साठ्याने साधारण एवढाच, पण त्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर, म्हणजे एक तृतीयांश. कोयना हा डोंगरातला खोल हंडा आहे, नाथसागर ही पठारावर ठेवलेली परात.

परातीतले पाणी बोटभर उतरले तरी कड मोठी उघडी पडते. धरण भरले की पाण्याची पातळी १५२२ फूट असते. हा आकडा पैठणला शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. मृतसाठ्याची पातळी १४९४.५ फूट. फरक साडेसत्तावीस फुटांचा. जमिनीचा उतार पाचशेला एक असेल तिथे पाणी एक फूट उतरले की काठ पाचशे फूट आत जातो; साडेसत्तावीस फुटांना चार किलोमीटरहून जास्त. सगळ्या जलाशयाचेही ढोबळ गणित करता येते. या दोन पातळ्यांमधला उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. त्याला ८.३८ मीटर उंचीने भागले की सरासरी क्षेत्र २६० चौरस किलोमीटरच्या आसपास येते. वरचे क्षेत्र ३५० आणि उतार समान धरला, तर मृतसाठ्याच्या वेळी पाण्याखाली १७० चौरस किलोमीटरच उरतात. पाण्याने तळ गाठलेल्या वर्षी सुमारे १८० चौरस किलोमीटर, म्हणजे निम्मा नाथसागर, जमीन झालेला असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात असेच झाले होते, २०१९ मध्येही.

समुद्राला रोज दोनदा भरती-ओहोटी येते, नाथसागराला वर्षातून एकदा. पावसाळ्यात, तीही बरीचशी नाशिक-नगरच्या पाण्यावर, भरती येते आणि उन्हाळ्यापर्यंत ओहोटी चालते. समुद्राच्या बाबतीत कायद्याने हे ओळखले आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून जमिनीकडचे पाचशे मीटर तर बंधनात आणलेच, शिवाय भरती आणि ओहोटी यांमधला पट्टाही किनाऱ्यातच धरला. आमच्या किनाऱ्याला असा कायदा नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी तर सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. नाथसागराला आधार आहे तो १९८६ साली जाहीर झालेल्या जायकवाडी पक्षी अभयारण्याचा आणि त्याभोवती २०१७ मध्ये आखलेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा.

या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात असते काय? कागदावर ती रिकामी जमीन. प्रत्यक्षात तिथे चार कामे चालतात.

पहिले काम पक्ष्यांचे. तुतवार, शेकाट्या यांसारखे पक्षी चार बोटे पाण्यात आणि ओल्या चिखलात चरतात. खोल पाणी त्यांना निरुपयोगी, वाळलेली भेगाळ जमीनही निरुपयोगी. पाणी सावकाश उतरते तसा रोज नवा चिखल उघडा होतो आणि रोज नवे ताट वाढले जाते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि चक्रवाक, तसेच रोहित हिवाळ्यात इथे उतरतात ते या उथळपणासाठी. पाहुणे गेले की उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात.

दुसरे काम माशांचे. पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा उन्हाळ्यात उगवलेले गवत बुडते आणि त्या उथळ, उबदार पाण्यात माशांच्या पिलांना खाद्य आणि आडोसा मिळतो. काठच्या भोई-कहार कुटुंबांचे जाळे पुढच्या हंगामात भरते ते या बुडालेल्या कुरणाच्या जिवावर.

तिसरे काम गाळ अडवण्याचे. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि वाहत्या पाण्याचा वेग तोडतात. काठावरचा गाळ आत गेला की साठा घटतो, आणि परातीसारख्या उथळ धरणाला ही घट लवकर जाणवते.

चौथे काम थेट आपल्या घरात येते. छत्रपती संभाजीनगरचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते. दुष्काळात शहर मृतसाठ्यावर जगते, म्हणजे सगळ्यात थोड्या, सगळ्यात गढूळ पाण्यावर. काठावर जे फवारले, जे टाकले, ते ऑगस्टमध्ये चढणाऱ्या पाण्यात उतरते.

इथेच खरा पेच आहे. उघडी पडलेली ही गाळाची जमीन शेतकरी कसतात. तिला गाळपेर म्हणतात. पाणी ओसरेल तसा हरभरा, गहू, कांदा. जमीन सरकारची, वहिवाट वर्षापुरती, आणि पहिला हक्क धरणग्रस्तांचा. या धरणात शंभराहून अधिक गावे उठली. त्यांच्या काळ्या रानावर उभ्या राहिलेल्या पाण्यातून २०८ किलोमीटरचा डावा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा निघाला, दूरची शिवारे भिजली, आमच्या शहराचे नळ चालले. ज्याची जमीन गेली त्याला वर्षातले काही महिने तिचाच एक तुकडा परत मिळतो. पक्ष्यांसाठी तो सोडा, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे, न्याय्य नाही.

पण नांगर थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेला, ट्रॅक्टरने माती खोल उलथली, वर रासायनिक फवारणी झाली, तर चारही कामे एकदम बंद पडतात. पक्ष्यांचे ताट जाते, माशांचे कुरण जाते, मोकळी माती धरणात जाते आणि औषध नळात येते. गाळपेर ही मुळात हलकी शेती होती : ओल असेतो बी फेकायचे, मशागत जवळजवळ नाही, खताची गरज नाही, कारण गाळ हेच खत. पट्टकदंब तर गाळपेरीच्या हरभऱ्यावरही उतरतात. म्हणजे शेती आणि किनारा यांचे हाडवैर नाही. वैर आहे ते नांगराच्या खोलीशी आणि फवारणीच्या पंपाशी.

म्हणून किनारा राखायचा म्हणजे कुंपण घालायचे असे मला वाटत नाही. १५२२ आणि १४९४.५ या दोन रेषांमधला पट्टा हा धरणाचाच चालता भाग आहे, भिंतीइतकाच आणि दरवाजांइतकाच, हे आधी कागदावर मान्य व्हावे. मग वहिवाट देताना चार अटी पुरतील. पाण्यालगतची पट्टी मोकळी सोडायची, पाणी उतरेल तशी तीही खाली सरकवायची. खोल नांगरट नाही. विषारी फवारणी नाही. विणीच्या बेटांवर उन्हाळ्यात जनावरे आणि माणसे नाहीत. अटी पाळणाऱ्या धरणग्रस्ताला त्या मोबदल्यात दरवर्षीच्या वहिवाटीची हमी आणि उत्पन्नातल्या तुटीची भरपाई. ती भरपाई शहराच्या पाणीपट्टीतून गेली तर त्यात उपकार नाहीत, कारण राखलेल्या काठाचे पाणी आपणच पितो.

याच गोदावरीवर वरच्या अंगाला असलेले नांदूर मधमेश्वर २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. तेही बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातूनच घडले. माणसाने अडवलेल्या पाण्यालाही निसर्ग किनारा देतो. तो त्याने नाथसागरालाही दिला आहे. वर्तमानपत्रात धरण किती टक्के भरले हे आपण रोज वाचतो. उरलेल्या टक्क्यांत उघडी पडलेली जमीन कोणत्या हाताने आणि कोणत्या नांगराने कसली जाते आहे, हेही आता विचारायला हवे.